दोष आढळला नाही

सोमवार, ३ मार्च

ही वही लेकीने आणून दिली. तिचं म्हणणं, बाबा, तुमच्या कानात आणि पायात जे काही साठलंय ते कागदावर उतरवा, नाहीतर तुमच्यामागे मला गिअरबॉक्सलाच विचारत बसावं लागेल. मी म्हटलं, विचार की, तो माझ्यापेक्षा खरं बोलतो. हसली, पण वही ठेवून गेली. वाचणार नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय, त्यामुळे काहीही लिहायला मी मोकळा.

तर पहिला धडा. ऑटोमॅटिक गाडीची ट्रायल म्हणजे गाडी चालवणं नव्हे, ऐकणं. काचा वर, पंखा बंद, रेडिओ बंद. आमचे उस्ताद म्हणायचे, आधी मालकाला चालवू दे, तू शेजारी बस आणि गप्प बस. त्यांचं एवढं एक सोडून बाकी सगळं मी पाळलं. मेकॅनिक शेजारी बसला की मालकाला परीक्षेला बसल्यासारखा घाम फुटतो. उगाच कशाला कुणाला ओशाळं करायचं? मीच चालवतो. त्यांची दुसरी शिकवण मात्र हाडात मुरली आहे. गिअर पडायच्या क्षणाला पाय जरासा हलका करायचा, गिअरबॉक्सला श्वास घ्यायला जागा द्यायची. चाळीस वर्षांत माझ्या पायाने एकही गिअरबॉक्स दुखावलेला नाही.

आज नवीन गिऱ्हाईक आलं, वाचनालयातल्या बाई. पन्नाशीच्या असतील. इतक्या हळू बोलतात की समोरचा आपोआप वाकतो. तक्रार अशी: चौकात थांबून निघालं की गाडी पहिल्यात निघते आणि दुसरा पडताना कधीकधी मध्येच 'सोडून देते'. इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही. थोरल्या बहिणीचा पाय अधू आहे, तिला आठवड्यातून दोनदा टेकडीवरच्या इस्पितळात व्यायामासाठी न्यावं लागतं. तेव्हा जास्त होतं.

आमची नेहमीची फेरी मारली, गॅरेजपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. अकरा किलोमीटर, सपाट रस्ता. सगळे गिअर कसे ओळीत, शाळेतल्या पोरांसारखे. जॉबकार्डवर लिहिलं: दोष आढळला नाही.

गुरुवार, ६ मार्च

बाई परत आल्या. काल संध्याकाळी पुन्हा झालं म्हणे.

लेकीने ऑइल काढून बोटावर घेतलं, नाकाशी धरलं आणि मला दाखवलं. काळपट आहे बाबा, जळका वास येतोय. मी म्हटलं, नऊ वर्षांची गाडी आहे, आपणही थोडेफार काळवंडलोच की. ऑइल बदललं आणि पुन्हा टाकीपर्यंत जाऊन आलो. काही नाही.

परतल्यावर बाईंनी विचारलं, "मी चालवून दाखवू का? माझ्या हातात होतं कदाचित." मी म्हटलं, अहो, तुम्ही कशाला त्रास घेता. मग त्यांना समजावून सांगितलं, गोड शब्दांत. ॲक्सिलरेटर तुमच्याकडून थोडा धक्क्याधक्क्याने दाबला जात असेल, पाय एकसारखा ठेवा, घाबरू नका. त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढली आणि 'पाय एकसारखा' असं लिहून घेतलं. मला भरून आलं. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

जॉबकार्ड: दोष आढळला नाही. चालकाच्या पायाची सवय. समजावून सांगितले.

दुपारी जेवताना लेकीने विषय काढला की यापुढे ट्रायलच्या वेळी मालकाने स्वतः चालवायचं, असा नियम करू या. मी म्हटलं, मग मला घरी बसवून माझ्या जागी एक उशी ठेव. ती हसली आणि उठून गेली. भांडी आवरता आवरता ही म्हणाली, ती बिचारी काही मनात धरून बोलायला येते आणि तुम्ही तिला हसवून परत पाठवता. तुमच्याशी धड भांडताही येत नाही.

तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोकडून हे ऐकायला मिळणं म्हणजे पदकच.

मंगळवार, ११ मार्च

तिसरी ट्रायल. आज ठरवलं की बाईंचं समाधान करूनच सोडायचं. त्यांच्याच रस्त्याने, त्यांच्याच वेळेला, बहिणीसकट. बाई शेजारी, थोरली मागे, तिची काठी दोघींच्या मधे. लेकीने गाडीला लॅपटॉप जोडून दिला, तो सीटखाली आपला आपला नोंदी घेत होता.

थोरली म्हणजे बाईंच्या अगदी उलट. चढाला लागायच्या आधीच तिने माझी झडती घेतली. किती वर्षं करता, कंटाळा येत नाही का, गाड्या तुमच्याशी बोलतात म्हणे, मग आमच्या गाडीने माझ्याबद्दल काय सांगितलं? मी म्हटलं, गाडी म्हणते, मागची बाई गप्प बसली तर मला माझा आवाज ऐकू येईल. यावर जी हसली ती! काठी खाली पडली, डोळ्यांना पाणी आलं. टेकडीवरच्या चौकात थांबून आम्ही निघतच होतो. त्या हसण्यात माझं लक्ष उडालं. दुसरा पडताना गाडीने क्षणभर हात सोडल्यासारखं केलं, पण पायाने आपसूक सांभाळून घेतलं आणि लोण्यातून सुरी जावी तसा गिअर बसला. चाळीस वर्षं फुकट नाही गेली.

बाई बहिणीकडे वळून पुटपुटल्या. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, पण माझे कान अजून तिशीतले आहेत. "आत्ता झालं ना, तसंच होतं." थोरली म्हणाली, "अगं, झालं असतं तर त्यांना कळलं नसतं का?"

एवढा विश्वास. इस्पितळाच्या दारात थोरलीने उतरताना माझ्या खांद्यावर थोपटलं.

जॉबकार्ड: चढावरही दोष आढळला नाही.

शुक्रवार, १४ मार्च

लेक दोन दिवस अबोल आहे. आज पार्ट्सच्या खोलीत फोनवर बोलत होती, दार ओढून. मी मुद्दाम ऐकत नाही, कान ऐकतात. "मला खात्री आहे गं, पण बाबांना कसं सांगू? त्यांना किती लागेल." मैत्रीण असावी पलीकडे.

मी काय समजायचं ते समजलो. चहाच्या वेळी ती लॅपटॉप घेऊन समोर आली, बाबा, तुमच्याशी बोलायचंय म्हणाली. मी म्हटलं, बोल, मुलगा काय करतो? आपल्या धंद्यातला नसला म्हणजे झालं, एका घरात दोन मेकॅनिक म्हणजे स्पॅनरसाठी घटस्फोट. ती लाल झाली. मुलगाबिलगा काही नाही म्हणाली, लॅपटॉप मिटला आणि निघून गेली.

असू दे. सांगेल तिच्या वेळेला. हिला अजून काही बोललो नाही.

मंगळवार, १८ मार्च

टेकडीवरच्या चौकात वाचनालयाच्या बाईंच्या गाडीला ट्रकने धडक दिली. गाडी वळताना मधेच थांबली म्हणतात. थोरली या वेळी पुढे बसली होती. त्याच दारावर.

थोरली गेली. बाई इस्पितळात आहेत.

टोइंगवाल्याने सकाळी आमच्याकडे फोन केला, कारण काचेवर आमच्या गॅरेजचं स्टिकर होतं.

शुक्रवार, २१ मार्च

तपास अधिकारी येऊन गेले. सभ्य माणूस, बूट पुसून आत आले. तिन्ही जॉबकार्डं मागितली, मी काढून दिली. अक्षर सुंदर आहे तुमचं म्हणाले.

त्यांनी विचारलं, मी सांगितलं. गाडीत दोष आढळला नव्हता. बाईंच्या पायाची सवय थोडी अनियमित वाटली होती, तसं त्यांना समजावलं होतं. जाणूनबुजून कुणाचं नुकसान होईल असं मी एक अक्षर बोललो नाही, उलट त्या फार भल्या आहेत हे दोनदा सांगितलं. तेही लिहून घ्या म्हटलं. त्यांनी नाही लिहिलं. मी जबाबावर सही केली.

जाताना ते म्हणाले, तुमच्यामुळे काम सोपं झालं. निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यूला कारण. सरळ केस आहे.

लेक दारात उभी होती. तिने ऐकलं. माझ्याकडे न बघता आत गेली.

सोमवार, २४ मार्च

बाईंना भेटून आलो. गळपट्टीचं हाड मोडलंय, बरगड्या. चेहऱ्याला काही झालेलं नाही, ते जास्त वाईट वाटलं. स्टुलावर बसलो, बरोबर फळं नेली होती ती कुठे ठेवायची कळेना.

त्या आधीच बोलल्या. नेहमीच्याच आवाजात, मला वाकावं लागलं. "तुम्ही सांगितलं होतं पाय एकसारखा ठेवा. मी ठेवला होता असं वाटतंय. पण इंजिन ओरडलं तेव्हा मी घाबरले, कदाचित तेव्हा काहीतरी केलं असेन. तुम्हाला उगाच तीन वेळा त्रास दिला. माफ करा."

मी काय म्हणालो? अहो, असं कसं, विश्रांती घ्या, सगळं नीट होईल. नीट काय होणार आहे? बहीण की खटला? बाहेर येऊन गाडीत बसलो.

एक शब्द कानात राहिलाय. ओरडलं. इंजिन ओरडलं, गाडी थांबली. पाय चुकून ब्रेकवर पडला तर गाडी थांबेल, पण इंजिन ओरडणार नाही. ॲक्सिलरेटर सुटला तरी ओरडणार नाही. पाय दाबलेला असेल आणि गिअरने धरलं नसेल, तरच ओरडतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं.

मंगळवार, २५ मार्च

सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या मीच लेकीला म्हटलं, त्या दिवशीचं दाखव.

तिने लॅपटॉप उघडला. तिसऱ्या ट्रायलच्या दोन रेघा. वरची इंजिनची, खालची माझ्या पायाची. प्रत्येक गिअर पडायच्या आधी खालची रेघ झुकते, नमस्कार केल्यासारखी. एकदाही चुकत नाही. लेक म्हणाली, "तुम्ही पाय उचलता बाबा. जोर कमी झाला की निसटणारा गिअरही धरतो. तुमच्या पायाखाली हा दोष कधीच दिसणार नाही. बाईंचा पाय एकसारखा असतो, म्हणून त्यांना दिसायचा."

मग तिने टेकडीवरच्या चौकावर बोट ठेवलं. तिथे खालची रेघ अर्धा सेकंद सरळच गेली आहे, झुकायची विसरली आहे. आणि वरची भाल्यासारखी वर. मग पाय झुकतो, इंजिन खाली येतं, सगळं शांत.

ऑइल तापलं की आतलं सील पकड सोडतं, पकड गेली की गिअर धरून ठेवणाऱ्या प्लेटी घसरतात. चौदा तारखेला ती हेच सांगायला आली होती. ती असं म्हणाली नाही. मला आठवलं.

ती ऑइल आणायला गेल्यावर वही काढून अकरा तारखेचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात आहे. 'क्षणभर हात सोडल्यासारखं केलं.'

मला कळलं होतं. लेकीला वाटतंय कळलं नव्हतं.

बुधवार, २६ मार्च

आज आमचीच एक जुनी ऑटोमॅटिक काढली. लेकीला म्हटलं, तू शेजारी बस, स्क्रीन बघ, मी पाय हलवणार नाही. टाकीपर्यंतचाच रस्ता.

पहिल्यातून दुसऱ्यात. ती म्हणाली, "उचललात." मी म्हटलं, नाही उचलला. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. परत. "उचललात." दात आवळून पाय खिळवून ठेवला, मांडीला गोळा आला. "उचललात." बारा वेळा थांबलो, बारा वेळा निघालो. बारा वेळा तिने तेच सांगितलं, शेवटी अगदी हळू, दुखणाइताशी बोलावं तसं.

टाकीखाली गाडी लावून दोघं बसून राहिलो. माझ्या तोंडावर विनोद आला होता, उशीचाच. निदान उशीने पाय उचलला नसता. तो मी गिळला.

इथे खरं लिहितो, कारण वही माझी आहे. दिवसभर मनात हेच चाललंय की बाईंनी स्वतःच मान्य केलंय. थोरली काही परत येणार नाही. हे गॅरेज उद्या लेकीचं आहे, पाटीवर डाग पडला तर तिच्यावर पडेल. ग्राफ फक्त तिच्याकडे आहे आणि ती माझ्या विरुद्ध जाणार नाही. वही तर कुणीच वाचलेली नाही. एकेक मुद्दा कसा गुळगुळीत. ट्रायल पास.

आणि दर वेळी कानात, आत्ता झालं ना, तसंच होतं. मला ऐकू आलं होतं. आणि त्यावर थोरलीने जे उत्तर दिलं, त्याने मी खूश झालो होतो.

गुरुवार, २७ मार्च

हिला सगळं सांगितलं, वही वाचून दाखवली. शेवटी म्हणाली, तुम्ही जा. मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, मला विचारून जाणार असाल तर मग ते माझं जाणं होईल.

शुक्रवार, २८ मार्च

उद्या जायचं म्हणून ठरवलं होतं, आजच लेकीला घेऊन तपास अधिकाऱ्यांकडे गेलो. उद्या मी बदललो असतो.

अधिकाऱ्यांनी ग्राफ बघितला, लेकीने समजावून सांगितलं. त्यांना चटकन समजलं, हुशार आहेत. गाडी त्यांच्या आवारातच आहे, गिअरबॉक्स उघडून बघायची व्यवस्था करतो म्हणाले. मग खुर्ची मागे सारून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, यात तुमचं नाव येईल ते येईलच. पण अर्धा सेकंद आहे. कुठल्याही माणसाला जाणवलं नसतं. तसंच लिहू या, लक्षात न आल्याने. म्हणजे चूक, पण माणसाची चूक.

मोकळा रस्ता होता. समोर एक वाहन नाही. मला फक्त मान हलवायची होती.

लेक माझ्याकडे बघत होती. तिलाही तसंच वाटत होतं की जाणवलं नसणार, तिच्या बाबांना जाणवलं असतं तर ते बोलले असते.

मी पिशवीतून वही काढली आणि अकरा तारखेचं पान उघडून टेबलावर ठेवली. अधिकारी वाचत होते तेव्हा लेकही वाकून वाचत होती. ती कुठे पोचली हे मला तिच्या श्वासावरून कळलं.

ते म्हणाले, हे पान फाडून द्या, बाकी तुमचं खासगी आहे. मी म्हटलं, पान सुटं झालं की कुणी म्हणेल नंतर लिहिलं, अख्खी ठेवा. आजचं एवढं लिहून घेतो, मग ठेवतो. बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. लेक गाडीत जाऊन बसली आहे, मागच्या सीटवर.

रविवार, ३० मार्च

वही तिकडे जमा आहे, म्हणून हे कोऱ्या जॉबकार्डाच्या पाठीवर.

काल गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरच्या प्लेटी कोळशासारख्या, सील बिस्किटासारखं मोडलं. बाईंवरचा गुन्हा मागे घेतील म्हणतात. माझ्यावर काय लागेल ते अजून ठरायचंय. गॅरेज लेकीने बंद ठेवलंय. माझ्याशी बोलते, पण जेवायला या, किल्ली कुठे आहे, एवढंच.

आज इस्पितळात गेलो. फळं नेली नाहीत. उभ्यानेच सांगितलं, सुरुवातीपासून. तुमचा पाय बरोबर होता. दोष होता, माझ्या पायाखाली तो दिसत नव्हता. आणि एकदा दिसला होता, त्या चौकात, तेव्हा मी सावरून घेतलं आणि नाही म्हणून लिहिलं.

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग विचारलं, "मी म्हटलं होतं ना, मी चालवून दाखवू का?"

हो म्हटलं. तुम्ही म्हणाला होतात.

"मग का नाही दिलीत?"

तुम्हाला ओशाळं वाटेल म्हणून, असं सांगणार होतो. खोटं नव्हतं ते. पण तेवढंच नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या हातात दोष दिसला असता, तर पहिल्या दिवशी मी चुकलो होतो असं झालं असतं.

मी जायला वळलो, तेव्हा त्यांनी विचारलं, वहीत नक्की काय लिहिलंय? मी म्हटलं, वही जमा आहे. पण पाठ आहे मला.

"म्हणा."

मी स्टुलावर बसलो आणि म्हणून दाखवलं. थोरलीने घेतलेली झडती, गाडीने माझ्याबद्दल काय सांगितलं, मागची बाई गप्प बसली तर, काठी खाली पडली, डोळ्यांना पाणी आलं. हात सोडल्यासारखं केलं. लोण्यातून सुरी. चाळीस वर्षं फुकट नाही गेली. एकही शब्द गाळला नाही, आवाजही मऊ केला नाही.

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, आता जा म्हणतील.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या. "ती हसली तिथपासून."

मी परत म्हटलं.